अर्ध्या निवृत्तिवेतनाचा हिशेब

मुदतपूर्व निवृत्तीच्या अर्जाचा पहिला मसुदा मी जुलै २०१७ मध्ये लिहिला आणि तो वरिष्ठांच्या टेबलावर ठेवायला सप्टेंबर २०१८ उजाडला. मधले चौदा महिने मी निर्णय टाळत होतो असे सहकाऱ्यांना वाटे, आणि काही अंशी ते खरेही होते. पण त्या काळात जे आकडे मांडले, जे कागद जमवले आणि ज्या दोन-तीन चुका वेळीच ध्यानात आल्या, त्यांच्या आधारावरच पुढची दोन वर्षे आमचे घर चालले. हवाई दलातला वैमानिक नागरी विमानसेवेत जायला निघाला की चर्चा पगाराची होते. माझ्या अनुभवात पगार हा त्या सगळ्या हिशेबातला सर्वांत सोपा आणि सर्वांत बेभरवशाचा आकडा निघाला.

जून १९९८ मध्ये मला हवाई दलात कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळाले. पुढची बहुतेक वर्षे मी एएन-३२ या मालवाहू विमानावर काढली; कधी चंडीगडहून लेह आणि थॉइसकडे, कधी जोरहाटहून अरुणाचलातल्या आखूड धावपट्ट्यांकडे, आणि मधली काही वर्षे प्रशिक्षक म्हणून. दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वॉड्रन लीडर आणि तेरा वर्षांनी विंग कमांडर हे टप्पे सेवेच्या वर्षांवर मिळतात. ग्रुप कॅप्टनसाठी मात्र निवड होते, आणि २०१७ च्या यादीत माझे नाव नव्हते. वाईट वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘ग्रुप कॅप्टन होता आले नाही म्हणून नुसता कॅप्टन व्हायला निघालास,’ असे एक बॅचमेट म्हणाला. नुसता कॅप्टन हा हुद्दा हवाई दलात नाही, तो विमान कंपनीतच मिळतो, त्यामुळे विनोद बोचला तरी नेमका होता.

निवड न झालेल्या अधिकाऱ्याच्या मनात ताबडतोब पेपर टाकण्याचा, म्हणजे राजीनाम्याचा, विचार येतो. माझी तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती आणि कायम कमिशनच्या अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षांची अर्हताकारी सेवा लागते, त्यामुळे घाई करणे शक्यच नव्हते. या वीस वर्षांच्या अटीचे मोल बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. माझ्याबरोबर उडणारी एक कनिष्ठ अधिकारी शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर होती. उड्डाण शाखेत त्या कमिशनची मुदत चौदा वर्षांची असते. शेवटी ग्रॅच्युइटी मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. ती छत्तिसाव्या वर्षी बाहेर पडणार होती आणि पासष्टाव्या वर्षापर्यंत विमान उडवण्याची परवानगी धरली, तर तिच्यापुढे नागरी सेवेची एकोणतीस वर्षे होती, माझ्यापुढे बावीस. तिच्याजवळ वर्षे होती, माझ्याजवळ निवृत्तिवेतनाचा आधार होता. आम्ही दोघांनी एकाच कॅन्टीनमध्ये बसून एकमेकांचे आकडे तपासले आणि दोघांची गणिते एका कागदावर मांडता येत नाहीत, हे मान्य केले.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांना मी विमान कंपनीच्या पगाराविषयी अर्धा तास सांगितले आणि त्यांनी एवढेच विचारले, ‘पेन्शन कितीवर बसते?’ मला नेमका आकडा सांगता आला नाही. वीस वर्षे गणवेशात काढलेल्या माणसाला स्वतःचे निवृत्तिवेतन ठाऊक नसावे, याची लाज वाटून मी त्या रात्री पगारपत्रक काढून बसलो.

पगारपत्रकावरचे सर्व आकडे सारखे नसतात, हे तेव्हा प्रथम नीट कळले. निवृत्तिवेतन ठरते मूळ वेतन आणि सैनिकी सेवा वेतन यांच्या बेरजेवर, आणि ते त्या बेरजेच्या निम्मे असते. सैनिकी सेवा वेतन सातव्या वेतन आयोगापासून अधिकाऱ्यांना दरमहा १५,५०० रुपये आहे. उड्डाण भत्ता तेव्हा दरमहा २५,००० रुपये मिळे, पण तो निवृत्तिवेतनासाठी धरला जात नाही. म्हणजे ज्या भत्त्यावर तरुण वैमानिक गाडीचे हप्ते फेडतो, तो विमानाबरोबरच हँगरमध्ये राहतो. माझे निवृत्तिवेतन नव्वद हजारांच्या आसपास येत होते. पुढच्या सगळ्या हिशेबासाठी तोच गोल आकडा धरतो.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती, कारण ती पगारपत्रकावर दिसतच नव्हती. सरकारी घर, लष्करी रुग्णालय, प्रत्येक बदलीला केंद्रीय विद्यालयातला हक्काचा प्रवेश, सामान हलवण्याचा खर्च या गोष्टींना आम्ही कधी किंमत लावली नव्हती. पत्नीने आणि मी बसून त्या एकेक करून बाजारभावाने लिहिल्या, तेव्हा विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून मिळणारा सुरुवातीचा पगार आमच्या चालू परिस्थितीपेक्षा फारसा जास्त नाही असे दिसले. मोठा पगार कॅप्टनचा असतो, आणि कॅप्टन होईपर्यंतची वर्षे कोणी हमीने सांगत नाही. शिवाय पत्नीचे असे एक नुकसान होते ज्याचा हिशेब आम्ही दोघांनीही कधी केला नव्हता. ती शिक्षिका, प्रत्येक बदलीला तिने नोकरी सोडली, भविष्य निर्वाह निधी काढून घेतला आणि नव्या गावात पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. माझी वीस वर्षे सलग मोजली जात होती, तिची सहा तुकड्यांत विखुरली होती. बाहेर पडण्याच्या बाजूने जे कारण मी कोणत्याही अर्जात लिहिले नाही, ते हे होते.

माझ्या जुन्या चुकांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्या बहुतेकांनी केलेल्या असतात. फ्लाइंग ऑफिसर असताना मेसमध्ये आलेल्या एका विमा प्रतिनिधीच्या आग्रहाने मी गुंतवणूक जोडलेल्या दोन पॉलिसी घेतल्या; त्यांत विमा नगण्य होता आणि गुंतवणुकीतला पहिल्या वर्षांचा मोठा भाग शुल्कातच गेला. त्या काळी डीएसओपी निधीत, म्हणजे सैन्यदलांतल्या अधिकाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीत, मी नियमाप्रमाणे कमीत कमी सहा टक्केच कापून घेत असे, कारण त्यावरचे व्याज मला कंटाळवाणे वाटे. पुढे २००८ नंतर मी ती कपात वाढवली. २०१८ मध्ये या निधीवर आठ टक्क्यांच्या आगेमागे व्याज मिळत होते आणि त्या व्याजावर प्राप्तिकर नव्हता. इतके चांगले कंटाळवाणे साधन दुसरे कुठले मिळणार, हे कळायला दहा वर्षे गेली.

विम्याचा विचार मात्र २२ जुलै २०१६ ने करायला लावला. तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले एएन-३२ त्या दिवशी बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले. त्यात २९ जण होते, आणि अवशेषांचा पत्ता लागायला जानेवारी २०२४ उजाडावे लागले. आमच्या वसाहतीत त्या आठवड्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मी घरातली सगळी नामनिर्देशने तपासली. एका खात्यावर लग्नापूर्वीचे, म्हणून आईचे नाव होते. दोन कागदांवर पत्नीचे माहेरचे नाव होते आणि बाकी ठिकाणी सासरचे. हवाई दलाच्या सामूहिक विम्याचे छत्र उड्डाणाचा धोका धरूनच असते, परंतु ते मुख्यतः सेवेपुरते. निवृत्तीनंतरचे छत्र वेगळे आणि कमी रकमेचे. बाहेरचा मुदत विमा घ्यायला गेलो तर अर्जातच व्यवसायाचा रकाना आणि त्यामागून उड्डाणाची प्रश्नावली आली. प्रवासी म्हणून केलेला विमानप्रवास सोडून इतर उड्डाणातला मृत्यू वगळणारे कलम पॉलिसीत आहे का, हे शोधायला मी तीन पॉलिसींचे छापील मसुदे शेवटच्या पानापर्यंत वाचले. ज्या कंपनीने जादा हप्ता घेऊन ते कलम काढले, तिची पॉलिसी घेतली. हप्ता महाग वाटला, पण जो विमा माझ्या कामाच्या वेळी लागू होत नाही तो स्वस्त असून काय उपयोग?

नागरी परवान्याचे काम मी २०१८ च्या सुरुवातीला हाती घेतले, आणि ते सेवेत असतानाच करण्याचा सल्ला मी आजही प्रत्येकाला देतो. साडेचार हजार तास उडवलेल्या माणसाला हवामानशास्त्राची आणि हवाई मार्गनिर्देशनाची परीक्षा पुन्हा द्यावी लागते, ही गोष्ट अहंकाराला जड जाते. उत्तीर्ण व्हायला सत्तर टक्के गुण लागतात, आणि पहिल्या खेपेस मला हवामानशास्त्रात अडुसष्टच पडले. मान्सूनमध्ये ईशान्येकडच्या दऱ्यांतून विमान नेणारा मी, आणि नापास झालो ढगांच्या वर्गीकरणात. रेडिओ टेलिफोनीची तोंडी परीक्षा त्याहून अवघड गेली. वीस वर्षे ज्या लष्करी पद्धतीने बोललो, ती सवय जिभेवरून जात नव्हती, आणि परीक्षकाने दोनदा थांबवून ‘इथे असे बोलत नाहीत’ असे सांगितले. दुसऱ्या खेपेस जमले. ज्याला एटीपीएल म्हणतात त्या विमान कंपनीच्या वैमानिकाच्या परवान्यासाठी एकूण १५०० तासांचे उड्डाण लागते, त्याची मला अडचण नव्हती. अडचण होती ती लॉगबुकातले प्रत्येक पान नागरी नमुन्यात उतरवून प्रमाणित करून घेण्याची. जुन्या युनिटांकडे पत्रव्यवहार करण्यात सहा महिने गेले. लढाऊ विमानांवरच्या मित्रांना दुसरी अडचण येते: त्यांचे तास कमी भरतात आणि अनेकांचे ते एकट्याने किंवा एका इंजिनावर उडवलेले असतात, त्यामुळे दोन इंजिनांच्या प्रवासी विमानापर्यंतचा त्यांचा रस्ता आमच्यापेक्षा लांबचा असतो.

वैद्यकीय तपासणीने मला सर्वांत मोठा धडा दिला. नागरी वैमानिकासाठी लागणारी वर्ग एकची पहिली तपासणी तेव्हा बंगळूर, दिल्ली किंवा जोरहाट इथल्या हवाई दलाच्याच केंद्रांत होत असे, म्हणून मी निर्धास्त होतो. रक्तदाब मर्यादेच्या किंचित वर निघाला आणि माझ्या कागदावर ‘तीन महिन्यांसाठी तात्पुरते अपात्र’ असा शेरा पडला. हवाई दलात असा शेरा पडला तर माणूस काही महिने कार्यालयात बसतो, उपचार घेतो आणि पगार चालू राहतो. विमान कंपनीत उड्डाणाचे तास थांबले की पगाराचा मोठा भाग थांबतो. सगळ्या घराचा खर्च दर वर्षी एका डॉक्टरच्या सहीवर उभा राहणार आहे, हे त्या तीन महिन्यांत मला प्रथम नीट दिसले. त्यानंतर मी दोन गोष्टी ठरवल्या: परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा घ्यायचा, आणि घराचा किमान मासिक खर्च निवृत्तिवेतन व पत्नीचा पगार यांत बसवायचा, माझ्या पगाराला त्यात धरायचेच नाही.

अर्ज केला तेव्हा एक अट मी डोळसपणे स्वीकारली. समान पद, समान निवृत्तिवेतन योजनेचा ७ नोव्हेंबर २०१५ चा आदेश असा होता की त्यानंतर जे स्वेच्छेने सेवा सोडतील त्यांना या योजनेचा लाभ मिळणार नाही. म्हणजे माझ्याच हुद्द्याचा, तेवढीच सेवा झालेला, पण वयोमर्यादेपर्यंत थांबलेला अधिकारी आणि मी यांच्या निवृत्तिवेतनात पुढे फरक पडत जाणार. त्या फरकाची किंमत नेमकी काढणे शक्य नव्हते. मी ती शून्य धरली नाही, एवढेच.

मार्च २०१९ मध्ये मंजुरी आली. सेवेचा शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट. मंजुरी आली त्याच मार्चमध्ये बोइंग ७३७ मॅक्स विमानांच्या उड्डाणांवर बंदी आली आणि १७ एप्रिलला जेट एअरवेजची उड्डाणे बंद झाली. ज्या बाजारात मी नवशिक्या म्हणून उतरणार होतो, त्यात एका रात्रीत प्रवासी विमानांचा हजारो तासांचा अनुभव असलेले कॅप्टन नोकरी शोधू लागले. अर्ज मागे घ्यावा का, यावर घरात तीन रात्री चर्चा झाली. ३ जूनला जोरहाटहून मेचुकाकडे निघालेले एएन-३२ कोसळले आणि त्यातले तेराही जण गेले. तो मार्ग मी अनेकदा उडवला होता. माझे ८९ दिवस उरले होते. अर्ज मागे घेण्याविषयी त्यानंतर घरात कोणी बोलले नाही, आणि हा काही आर्थिक निर्णय नव्हता, हे मला मान्य आहे.

आता कम्युटेशनविषयी, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्याविषयी. सैन्यदलांत निम्म्यापर्यंत भाग असा विकता येतो आणि पंधरा वर्षांनी तो पुन्हा सुरू होतो. या विषयावर मेसमध्ये जेवढी ठाम मते ऐकायला मिळतात, तेवढी विमानाच्या इंजिनाविषयीही मिळत नाहीत. मी मते ऐकणे सोडून आकडे मांडले. माझ्या वयाला गुणक जवळपास नऊ होता. नव्वद हजारांपैकी पंचेचाळीस हजार विकले, तर पंचेचाळीस हजार गुणिले बारा गुणिले नऊ, म्हणजे ४८ लाख ६० हजार रुपये हाती येतात. त्या बदल्यात पंधरा वर्षे, म्हणजे १८० महिने, दरमहा पंचेचाळीस हजार, एकूण ८१ लाख रुपये कापले जातात. नुसते पाहिले तर हा तोट्याचा व्यवहार दिसतो. पण काळाचा हिशेब घातला की ते साधारण साडेसात टक्के व्याजाचे कर्ज ठरते. शिवाय हाती येणारी रक्कम करमुक्त असते आणि कापला जाणारा भाग माझ्या करपात्र उत्पन्नातूनच वजा होतो; विमान कंपनीचा पगार चालू असताना मी तीस टक्क्यांच्या गटात असणार, म्हणजे उपकर धरून ३१.२ टक्के. तो वाचलेला कर वजा केला, तर त्या कर्जाचे खरे व्याज दोन टक्क्यांच्याही खाली येते. माझा पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता तेव्हा ८.६ टक्क्यांनी चालू होता.

आणखी तीन गोष्टी बहुतेकांना माहीत नसतात. महागाई मदत पूर्ण निवृत्तिवेतनावर मिळत राहते, उरलेल्या निम्म्यावर नाही. कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनावर ठरते, त्यामुळे विकलेल्या भागाने ते कमी होत नाही. आणि पंधरा वर्षांच्या आत माझे काही झाले, तर उरलेली कपात कोणाकडून वसूल होत नाही. या तिसऱ्या मुद्द्यावर पत्नीने मला पुढे बोलू दिले नाही.

मी पूर्ण निम्मा भाग विकला. ग्रॅच्युइटी सूत्राने वीस लाखांच्या वर जात होती, पण तेव्हाची कमाल मर्यादा वीस लाखांचीच होती, ती तेवढीच मिळाली; जानेवारी २०२४ पासून ती पंचवीस लाख झाली आहे. साठलेल्या रजेचे पैसे मिळतात, त्यासाठीच्या ३०० दिवसांच्या मर्यादेपैकी माझे २४० दिवस होते. आलेल्या पैशांतून आधी फ्लॅटचे उरलेले बावीस लाख फेडले. मग ए-३२० या प्रवासी विमानाच्या टाइप रेटिंगसाठी, म्हणजे ते विमान उडवण्याची पात्रता मिळवण्यासाठी, राहण्या-जेवण्यासह, वीस लाखांच्या आत-बाहेर रक्कम बाजूला ठेवली, आणि चोवीस महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवींत टाकला. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत अधिकाऱ्यांसाठी असलेली एक लाख वीस हजारांची एकदाच भरायची वर्गणीही भरली. काही मित्रांनी त्या वर्षी मिळालेली सगळी रक्कम दुसऱ्या फ्लॅटमध्ये घातली. मी भित्रा ठरलो.

पैसे यायला वेळ लागला. पत्नीच्या नावातला जो फरक मी २०१६ मध्ये दुरुस्त केला असे समजत होतो, तो एका जुन्या सेवापुस्तिकेत तसाच राहिला होता, आणि निवृत्तिवेतनाचा आदेश संबंधित कार्यालयातून दोनदा परत गेला. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०१९ हे दोन महिने आमच्याकडे ना पगार होता ना निवृत्तिवेतन. कम्युटेशनची रक्कम नोव्हेंबरमध्ये जमा झाली.

टाइप रेटिंग त्याच सुमारास सुरू झाले. सिम्युलेटरमध्ये माझ्याबरोबर तेवीस वर्षांचा मुलगा होता. तो संगणकाच्या पडद्यावरची माहिती माझ्या दुप्पट वेगाने वाचत असे आणि मी त्याला विमान हाताने उडवायला मदत करत असे. फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीत रुजू झालो. उजव्या आसनावर मी ४४ वर्षांचा, डाव्या आसनावरचा कॅप्टन एकतीस वर्षांचा. पहिल्या दिवशी त्याने मला ‘सर’ म्हटले आणि मी त्याला ‘सर’ म्हटले. मग चेकलिस्ट काढून दोघेही कामाला लागलो. प्रवाशांसह केलेली माझी अकरा उड्डाणे झाली आणि २५ मार्चला देशातली प्रवासी उड्डाणे थांबली.

दोन महिन्यांनी ती मर्यादित प्रमाणात सुरू झाली, पण ज्यांचे प्रशिक्षण अपुरे होते त्यांना कंपनीने बिनपगारी रजेवर ठेवले. नव्वद दिवसांत तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झाली नाहीत तर वैमानिकाची चालू पात्रता संपते, माझी संपली. केंद्र सरकारने महागाई मदतही १ जानेवारी २०२० पासून १७ टक्क्यांवरच गोठवली. एप्रिलमधल्या एका रात्री मी स्वतःवर विलक्षण चिडलो होतो. विकलेले पंचेचाळीस हजार दरमहा हवे होते, आणि ते मी स्वतःच्या सहीने देऊन बसलो होतो.

सकाळी पत्नीने वही पुढे ठेवली. आमच्या हाती येत होते पंचेचाळीस हजार निवृत्तिवेतन आणि पूर्ण नव्वद हजारांवरची १७ टक्के महागाई मदत, १५,३००, मिळून ६०,३००. तिच्या शाळेने पगार कापला होता, तरी २८,००० येत होते. बेरीज ८८,३००, आणि खर्च पंच्याऐंशी हजारांचा. निवृत्तिवेतन विकले नसते तर माझ्या बाजूने १,०५,३०० आले असते, पण त्यातून फ्लॅटचा साधारण २७,००० चा हप्ता गेला असता आणि टाइप रेटिंगचे कर्ज वेगळेच फेडावे लागले असते. म्हणजे ज्या पंचेचाळीस हजारांसाठी मी रात्रभर जागा होतो, त्यांतला प्रत्यक्ष तोटा फार तर अठरा हजारांचा होता, आणि कर्जाचा हप्ता धरला तर कदाचित काहीच नव्हता. दोन टक्क्यांचा तो सुंदर हिशेब मात्र त्या वर्षी कोलमडला. विमान कंपनीचा पगारच नसल्यामुळे मी तीस टक्क्यांच्या गटात नव्हतो, आणि वाचवायला तेवढा करही नव्हता. हिशेब करताना पंधराही वर्षे पगार चालू राहील असे मी न सांगता धरून चाललो होतो, ही त्यातली चूक होती.

मुदत ठेवींना आम्ही त्या वर्षात दोनदाच हात लावला, एकदा मुलीच्या महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी आणि एकदा बाबा रुग्णालयात होते तेव्हा. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीने परत बोलावले. पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा तपासणी, पुन्हा उजवे आसन. २०२३ च्या अखेरीस मला कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळाली. त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एका कंपनीची विमाने थांबली होती आणि माझ्या बॅचचे दोघे तिथे होते, त्यामुळे खांद्यावर चौथी पट्टी आली तेव्हा घरखर्चाची वही बदलली नाही. खर्च अजूनही निवृत्तिवेतन आणि पत्नीचा पगार यांतून चालतो. माझ्या पगारातून आधी कर, मग विम्यांचे हप्ते, मग गुंतवणूक जाते. पत्नी २०१९ पासून एकाच शाळेत आहे आणि तिचा भविष्य निर्वाह निधी प्रथमच सलग सहाव्या वर्षात गेला.

जुन्या स्क्वॉड्रनमधून अजून फोन येतात. फोन करणारा पगार विचारतो आणि मी त्याला कमिशनची तारीख, जन्मतारीख, कर्जाचे व्याज आणि पत्नीचे नाव कोणत्या कागदावर कसे लिहिले आहे ते विचारतो. बरेचजण दुसरा फोन करत नाहीत. जे करतात, त्यांना मी नोकरी बदलण्याच्या नोटिशीचे नियमही आधी वाचायला सांगतो, कारण हवाई दलातून सुटल्यावर कंपनी सहज बदलता येते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात २०१७ पासून कॅप्टनला बारा आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

निवृत्तिवेतनाच्या आदेशाच्या आतल्या बाजूला मी पेन्सिलीने ‘नोव्हेंबर २०३४’ असे लिहून ठेवले आहे. विकलेला निम्मा भाग त्या महिन्यापासून परत सुरू होईल. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा असेन, आणि वैद्यकीय तपासणीचा कागद दर वर्षी सही होऊन आला, तर उडवायला सात वर्षे उरलेली असतील.